पेशंट भरती करण्याआधी : इंदूरकरांसाठी दवाखान्याच्या खर्चाचा क्रम

रात्री साडेदहाला फोन येतो. "दादा, बाबांच्या छातीत दुखायला लागलं म्हणून भरती केलंय. पन्नास हजार भरले. आता आयुष्मान कार्ड लावता येईल का?" प्रश्न बरोबर असतो, पण तो पन्नास हजारांच्या पावतीआधी विचारायचा असतो. खरं तर बाबांच्या छातीत दुखायच्या सहा महिने आधी.

सुदामा नगर, राजेंद्र नगर, लोकमान्य नगर, रामबाग अशा आपल्या वस्त्यांमधल्या बऱ्याच घरांच्या दवाखान्याच्या फायली मी निस्तरल्या आहेत. योजना होती, पॉलिसी होती, हप्तेही वेळेवर भरलेले होते. तरी पैसे गेले, कारण कामं उलट्या क्रमानं झाली. म्हणून हा लेख क्रमानंच वाचा. पहिले चार टप्पे घरी निवांत करायचे आहेत, बाकीचे दवाखान्यात.

## टप्पा १ : घरात कोणाला काय लागू आहे, ते एका कागदावर लिहा

घरातल्या प्रत्येक माणसाचं नाव, आधारवरचं वय, आणि पुढे त्याला लागू असलेली सोय. "आपल्याला काहीतरी आहे" हे उत्तर चालणार नाही.

ईएसआय, म्हणजे कामगारांसाठीचा सरकारी विमा. पीथमपूर किंवा सांवेर रोडच्या कारखान्यात, दुकानात, शाळेत नोकरी आणि पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल, तर बहुधा ईएसआय कापला जात असतो. पगाराची चिठ्ठी बघा. यात आई-वडील, बायको-मुलंही येतात, पण त्यांची नावं जोडलेली असली पाहिजेत. वाट नंदा नगरच्या ईएसआय हॉस्पिटलवरून जाते. तिथं जी सोय नाही, तिच्यासाठी ते स्वतः दुसऱ्या हॉस्पिटलला रेफर करतात. आधी खाजगीत भरती होऊन मग ईएसआयकडे बिल घेऊन जाणं ही लांबलचक आणि बेभरवशाची वाट आहे.

आयुष्मान. पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत भरती होऊन घेतलेले उपचार मोफत. हे ५ लाख सगळ्या कुटुंबात मिळून आहेत. जुना आजार असला तरी पहिल्या दिवसापासून चालतो. मध्य प्रदेशात २०११ च्या सामाजिक-आर्थिक व जात जनगणनेतल्या यादीखेरीज संबल योजनेतली (असंघटित कामगारांसाठीची राज्याची योजना) आणि रेशनची पात्रता पर्ची असलेली घरंही यात आहेत. "आपण कुठले त्यात बसणार" म्हणून आपल्याकडची निम्मी घरं बघतच नाहीत.

सत्तरीच्या पुढचे. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. बँकेतून निवृत्त झालेले काका, बंगल्यात राहणाऱ्या आजी, सगळे. खाजगी मेडिक्लेम असला तरी चालतं. सीजीएचएस (केंद्रीय कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) किंवा ईसीएचएस (माजी सैनिकांची) असणाऱ्यांना मात्र दोन्हींतलं एक निवडावं लागतं.

मेडिक्लेम. स्वतःचा की कंपनीचा, कोणाकोणाची नावं आहेत, रक्कम किती, कधीपासून.

> सावधान : पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांकडून व्हॉट्सॲपवर येणारं सगळं आपल्याला लागू नसतं. महात्मा फुले जन आरोग्य योजना महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी आहे. धर्मादाय हॉस्पिटलांनी गरिबांसाठी खाटा राखायचा नियमही महाराष्ट्राच्या कायद्यातला. इंदूरच्या काउंटरवर त्याचा प्रिंट दाखवून भांडणारे एक गृहस्थ मी पाहिले आहेत. समोरचा मुलगा हिंदीत शांतपणे म्हणाला, "अंकल, ये महाराष्ट्र का है." आयुष्मान कार्ड मात्र राज्याबाहेरही चालतं, मुंबई-नागपूरला उपचार घ्यायचे असतील तर तेच विचारा.

## टप्पा २ : कार्ड काढा, पण आधी नाव जुळवा

कार्ड आयुष्मान ॲपवर घरबसल्या, जनसेवा केंद्रात किंवा योजनेत असलेल्या हॉस्पिटलात निघतं. पैसे लागत नाहीत. हातात आधार, समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा कुटुंबाचा ओळख क्रमांक) आणि आधारला जोडलेला चालू मोबाईल हवा. हे झालं सोपं. अडतं ते नावापाशी, आणि ही अडचण खास आपली आहे.

पहिली गोष्ट "ळ"ची. हिंदीत टाइप करणाऱ्याकडे "ळ" नसतो. त्यामुळे काळे कुठे "काले", कुठे "काळे"; पळशीकरांचं कधी "पलसीकर", कधी "पळशिकर". दुसरी गोष्ट मधल्या नावाची. आपण स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव असं लिहितो. इथल्या बहुतेक फॉर्मवर नाव आणि आडनाव एवढंच असतं. मग आधारवर तीन शब्द, समग्रवर दोन. तिसरी गोष्ट सगळ्यांत अवघड : लग्नात बदललेलं नाव. माझ्या एका काकूंच्या शाळेच्या दाखल्यावर कुसुम, आधारवर सुनंदा, समग्रमध्ये "सुनंदा बाई". बाई हे तिथल्या कारकुनानं मान म्हणून जोडलेलं. कॉम्प्युटरला मान कळत नाही, त्याच्या लेखी या तीन वेगळ्या बायका.

अशा वेळी लोक आधी आधार बदलायला धावतात. थांबा. आधारमध्ये नाव आयुष्यात दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते. आधारवरचं नाव धडधडीत चूक नसेल तर ते तसंच ठेवा आणि समग्र, रेशन, पॉलिसी ही बाकीची कागदपत्रं आधारसारखी करून घ्या. वय वंदना कार्डासाठी वयही आधारवरचंच धरतात. पत्रिकेप्रमाणे आजी त्र्याहत्तर वर्षांच्या असतील, पण आधारवर अडुसष्ट असेल तर त्या अडुसष्टच.

दुसरी नेहमीची चूक : घरचं आयुष्मान कार्ड आधीपासून आहे म्हणून आजोबांचं वेगळं काढायचं राहतं. सत्तरीनंतर त्यांची ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पडताळणी, पुन्हा करून नवं कार्ड घ्यायचं असतं. त्यांना मिळणारे ५ लाख घरच्या ५ लाखांपेक्षा वेगळे असतात. मात्र आजी-आजोबा दोघंही सत्तरीपार असतील तर ते जादा ५ लाख दोघांत मिळून आहेत, प्रत्येकी नाहीत.

> तपासा : कार्ड हातात आलं की त्यावरचं नाव, फोटो, जन्मवर्ष वाचा. मोबाईलवर फोटो काढून घरातल्या निदान दोन माणसांकडे पाठवा. कार्ड कपाटात आणि कपाटाची किल्ली पेशंटच्या कमरेला, हा प्रकार मी दोनदा पाहिला आहे.

## टप्पा ३ : पॉलिसीत चार ओळी शोधा

पॉलिसीचं पुस्तक कोणी वाचत नाही, वाचवतही नाही. त्यातल्या चारच ओळींखाली पेन्सिलीनं रेघ मारा : खोलीभाड्याची मर्यादा, को-पे म्हणजे आपला हिस्सा, मोतीबिंदूसारख्या ठरावीक ऑपरेशनांची वेगळी मर्यादा, आणि जुन्या आजारांचा थांबा काळ, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर आधीपासूनच्या आजारांचे पैसे किती काळ मिळत नाहीत ते. एप्रिल २०२४ पासून हा थांबा जास्तीत जास्त ३६ महिनेच ठेवता येतो.

यातली खोलीभाड्याची ओळ सगळ्यांत महाग पडते. लोकांना वाटतं, मर्यादा ३,००० ची आहे, आपण ६,००० ची खोली घेतली, तर वरचे ३,००० आपण भरू. हिशेब तसा होत नाही. एक उदाहरण मांडून बघू.

पॉलिसी ३ लाखांची, खोलीची मर्यादा १ टक्का, म्हणजे दिवसाला ३,०००. खोली घेतली ६,००० ची, मुक्काम चार दिवस. बिल असं :

- खोली २४,०००
- सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग ८०,०००
- औषधं ३०,०००
- तपासण्या १६,०००
- एकूण १,५०,०००

खोली हक्काच्या दुप्पट, म्हणून विमा कंपनी खोली आणि डॉक्टर-थिएटरचा खर्च दोन्ही निम्मे धरते : १२,००० आणि ४०,०००. औषधं, इम्प्लांट, तपासण्या यांना ही कात्री लागत नाही, ते ४६,००० पूर्ण. मिळाले ९८,०००. खिशातून ५२,०००. खोलीच्या भाड्यातला फरक होता फक्त १२,००० चा, बाकीचे ४०,००० त्या खोलीनं मागून ओढून नेले.

म्हणून भरतीच्या काउंटरवर "सिंगल रूम पाहिजे, पाहुणे येतील" असं म्हणण्याआधी ती रेघ आठवा. पाहुणे दहा मिनिटं बसतात.

पॉलिसीत खोलीची मर्यादाच नसेल तर हा हिशेब तुमच्यापुरता संपला.

## टप्पा ४ : दवाखान्याची थैली

एक कापडी थैली किंवा चेनवाली फाईल. तीत पेशंटचं आधार, आयुष्मान कार्ड किंवा पॉलिसीचं ई-कार्ड, समग्र आयडी, पॅन, दोन फोटो, सोबत राहणाऱ्याचं आधार, प्रत्येकाच्या तीन-तीन झेरॉक्स. चालू औषधांची यादी, कशाची ॲलर्जी असेल तर ती मोठ्या अक्षरात. आणि जुन्या तपासण्यांचे कागद तारखेच्या क्रमानं. बीपी, साखर, थायरॉइड पहिल्यांदा कधी निघालं, ती चिठ्ठी तर सोन्यासारखी जपा. का ते सहाव्या टप्प्यात येईल.

## टप्पा ५ : ठरवून करायच्या ऑपरेशनाआधी तीन फोन

हर्निया, पित्ताशयातले खडे, गुडघा, मोतीबिंदू. इथे तुमच्या हातात वेळ असतो, आणि तरीही लोक फक्त डॉक्टरचं नाव ठरवून मोकळे होतात.

पहिला फोन योजनेच्या किंवा विम्याच्या हेल्पलाइनला. आयुष्मानचा क्रमांक १४५५५. विचारायचं : हे हॉस्पिटल या विभागासाठी यादीत आहे का? दारावर आयुष्मानची पाटी असली म्हणजे तिथलं सगळं चालतं असं नाही. एखादं हॉस्पिटल हाडांसाठी यादीत असतं आणि हृदयासाठी नसतं. काही पॅकेजेस (योजनेनं ठरवून दिलेले उपचारांचे संच) तर फक्त सरकारी हॉस्पिटलांसाठी राखीव आहेत, तेव्हा एमवाय किंवा सुपर स्पेशॅलिटीलाच जावं लागतं. पाटी बघून भरती होऊन दुसऱ्या दिवशी "ये पैकेज हमारे यहाँ नहीं है" ऐकणं, ही चूक सर्वांत जास्त वेळा होते.

दुसरा फोन हॉस्पिटलच्या आयुष्मान किंवा टीपीए डेस्कला (टीपीए म्हणजे विमा कंपनीच्या वतीनं क्लेम बघणारी मध्यस्थ संस्था). रिसेप्शनला नाही. रिसेप्शन सगळ्याला "हाँ हो जाएगा" म्हणतं. डेस्कवरच्या माणसाला आजाराचं नाव सांगून विचारा की पॅकेज कोणतं लागेल, मंजुरीला साधारण किती वेळ लागतो, कागद कोणते. मेडिक्लेम असेल तर हॉस्पिटल आजही नेटवर्कमध्ये, म्हणजे कंपनीच्या यादीत, आहे का, हे कंपनीकडूनही खात्री करून घ्या. याद्या बदलत राहतात.

तिसरा, फोन न करता समोर जाऊन : लेखी एस्टिमेट. "साधारण लाख-सव्वा" हे एस्टिमेट नव्हे. खोलीचा रोजचा दर, सर्जनची फी, भूलतज्ज्ञ, थिएटर, इम्प्लांट, आयसीयू लागलं तर त्याचा रोजचा दर. आणि सर्वांत कामाचा प्रश्न : "पॅकेजमध्ये काय नाही?" हा प्रश्न विचारला की समोरचा जरा सावरून बसतो आणि खरी यादी निघते.

स्टेंट आणि गुडघ्याचे इम्प्लांट यांच्या किमतींवर २०१७ पासून सरकारी कमाल मर्यादा आहे. बिलात स्टेंटची कंपनी, बॅच आणि किंमत वेगळी दाखवायला सांगा.

मदतनिधीसाठी अर्ज करायचा असेल, मुख्यमंत्री स्वेच्छानुदान असो की पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी, तर हेच एस्टिमेट हॉस्पिटलच्या शिक्क्यासह लागतं. अर्ज उपचारांआधी करायचा. डिस्चार्जनंतर बिल घेऊन आमदारांच्या कार्यालयात जाणाऱ्यांची समजूत कोणी घालू शकत नाही.

## टप्पा ६ : तातडीची भरती, पहिला तास

इथे आधी माणूस, मग कागद. १०८ ला फोन करा. छातीत दुखणं, पक्षाघात, अपघात असेल तर सगळ्यांत जवळच्या आणि सोय असलेल्या ठिकाणी जा. कार्ड चालतं का याचा शोध रस्त्यात घेऊ नका. जीव वाचवण्यापुरते प्राथमिक उपचार कोणत्याही हॉस्पिटलला नाकारता येत नाहीत, सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्येच तसं सांगितलं आहे.

कामं वाटून घ्या. एक जण पेशंटपाशी, एक काउंटरवर. काउंटरवरच्या माणसानं पहिलं वाक्य हे बोलायचं : "आयुष्मान कार्ड आहे" किंवा "कॅशलेस आहे, डेस्क कुठे?" फॉर्मवर "कॅश" असा टिक होण्याआधी. आयुष्मान ही कॅशलेस योजना आहे; आधी बिल भरून मागाहून पैसे परत घ्यायची वाट तीत नाही. रात्री डेस्क बंद असेल तर कॅज्युअल्टीच्या कागदावरच "आयुष्मान पेशंट" असं लिहून घ्या आणि सकाळी डेस्क उघडताच पहिला नंबर तुमचा लावा.

आणि आता कॅज्युअल्टीतली ती पाच मिनिटं. माझ्या मामांना भरती केलं तेव्हा ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरनं विचारलं, बीपी आहे का? मामेभाऊ घाबरलेला. म्हणाला, "हो, ते तर जुनंच आहे, आठ-दहा वर्षं असेल." डॉक्टरनं निळ्या पेननं लिहिलं, बीपी दहा वर्षांपासून. पॉलिसी घेऊन झाली होती दोन वर्षं. तिसऱ्या दिवशी विमा कंपनीचं पत्र : आजार पॉलिसीच्या आधीचा दिसतो, कॅशलेस थांबवत आहोत. प्रत्यक्षात बीपी निघालं होतं चौदा महिन्यांपूर्वी, कॉलनीतल्याच डॉक्टरांकडे. चिठ्ठी मामींच्या देवघराच्या खणात होती. ती सापडली, उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी दुरुस्तीचं पत्र दिलं, पैसे आले. पाच आठवडे गेले, आणि तोवर मामेभावानं सोनं गहाण ठेवलं होतं.

खोटं सांगा असं मी म्हणत नाही. खोटं सांगितलं तर उपचारही चुकतात आणि क्लेमही बुडतो. पण अंदाज सांगू नका. माहीत असेल तर महिना-वर्ष सांगा, नसेल तर "नक्की माहीत नाही, कागद बघून सांगतो" म्हणा. बोलणारा माणूस एकच असू द्या. दारात उभ्या आत्या, शेजारी, जावई यांनी आपापल्या आठवणी जोडल्या की त्या सगळ्या केसपेपरवर उतरतात.

> रस्त्यावरचा अपघात असेल तर : मे २०२५ पासून केंद्राची वेगळी कॅशलेस योजना आहे. अपघाताच्या दिवसापासून ७ दिवस, दीड लाखांपर्यंत, ठरवून दिलेल्या हॉस्पिटलांत. पोलिसांना खबर गेलेली असणं यात महत्त्वाचं. ११२ ला फोन करून ठेवा.

## टप्पा ७ : आयुष्मानवर भरती

डेस्कवर आयुष्मान मित्र असतो. तो कार्ड तपासतो, अंगठा घेतो, फोटो काढतो आणि मंजुरीसाठी पाठवतो. म्हाताऱ्या माणसांच्या बोटांचे ठसे झिजलेले असतात, मशीन तीन-तीनदा नाही म्हणतं. घाबरायचं कारण नाही. चेहरा किंवा ओटीपीनं होतं का विचारा. ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाईलवर येतो आणि तो मोबाईल बहुतेक वेळा नोकरीवर गेलेल्या मुलाच्या खिशात असतो. त्याला आधीच सांगून ठेवा. डिस्चार्जच्या वेळी पेशंटची ओळख पुन्हा पटवावी लागते, तेव्हाही तेच.

पॅकेज जनरल वॉर्डचं असतं. त्यात खाट, जेवण, औषधं, तपासण्या, सर्जनची फी सगळं येतं. भरतीआधीच्या ३ दिवसांच्या तपासण्या आणि डिस्चार्जनंतरची १५ दिवसांची औषधंही. "थोडे पैसे भरा, प्रायव्हेट रूम देतो" ही तडजोड योजनेत बसत नाही. ओपीडीत नुसतं दाखवून घेण्याचा खर्च मात्र यात नाही. भरती व्हावं लागतं.

औषधं बाहेरून आणायला सांगितली, एखाद्या तपासणीचे वेगळे पैसे मागितले, तर वॉर्डात आवाज चढवू नका. चिठ्ठीवर लिहून मागा आणि आयुष्मान मित्राला दाखवा. त्यानं सुटलं नाही तर १४५५५, नाहीतर राज्याची १८१. तक्रारीचा नंबर लिहून घ्या. मागणी लेखी द्यायची म्हटलं की बऱ्याचदा मागणीच विरून जाते, हा माझा अनुभव.

> तपासा : मंजुरी आली का, किती रकमेची, कोणत्या पॅकेजसाठी. मंजुरीआधी ठरलेल्या ऑपरेशनाला "होऊन जाऊ दे" म्हणू नका.

## टप्पा ८ : मेडिक्लेमवर भरती

ठरवलेलं ऑपरेशन असेल तर दोन-तीन दिवस आधी, तातडीचं असेल तर चोवीस तासांत कंपनीला कळवा. नेमकी मुदत तुमच्या पॉलिसीत असते. प्री-ऑथ (आगाऊ मंजुरीच्या) फॉर्मचा डॉक्टरनं भरायचा भाग पाठवण्यापूर्वी वाचायला मागा. आजार कधीपासून, हा रकाना खास.

विमा नियामकाच्या मे २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे कॅशलेसची विनंती पोचल्यापासून कंपनीनं एका तासात निर्णय द्यायचा असतो, आणि डिस्चार्जच्या वेळी शेवटची मंजुरी तीन तासांत. तीन तासांपलीकडे उशीर झाल्यानं हॉस्पिटलनं जादा पैसे लावले तर ते कंपनीनं सोसायचे. हे डेस्कवर नम्रपणे बोलून दाखवा. "इन्शुरन्सवाल्यांचं आलं नाही अजून" असं म्हणणाऱ्याला विचारा : "आपण किती वाजता पाठवलंत?" पुष्कळदा फाईल टेबलावरच असते.

डिपॉझिट घेतलं तर पावती घ्या आणि ते कधी परत मिळणार हे त्याच पावतीवर लिहून घ्या.

## टप्पा ९ : रोज संध्याकाळी पाच मिनिटं

एक छोटी वही. कोणते डॉक्टर कधी येऊन गेले, कोणती तपासणी झाली, फार्मसीतून काय आलं, काय परत गेलं. आणि रोज संध्याकाळी चालू बिल मागा. शेवटच्या दिवशी एकदम सोळा पानी बिल हातात येतं तेव्हा घरी जायची घाई असते आणि ते कोणीच वाचत नाही.

आत्याच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनात एका इंजेक्शनच्या सहा कुप्या लागल्या असं बिल म्हणत होतं. नर्सच्या चार्टवर चार. उरलेल्या दोन आम्हीच दुपारी तीन वाजता फार्मसीत परत केल्या होत्या. परतीची गुलाबी चिठ्ठी वहीत डकवलेली होती. बिलिंगच्या मुलीनं चिठ्ठी बघितली, काही न बोलता कॉम्प्युटरवर दोन बटणं दाबली, तेवीसशे रुपये कमी झाले. लबाडी नव्हती, चिठ्ठी खालून वर चढलीच नव्हती. पण ती वहीत नसती तर?

बघायच्या जागा ठरलेल्या : एकाच दिवशी दोनदा लावलेली व्हिजिट, आयसीयूतून वॉर्डात आल्या दिवसाचं दोन्हीकडचं भाडं, पुन्हा केलेल्या तपासण्या, ग्लोव्हज-मास्कची संख्या. ग्लोव्हज, मास्क यांसारख्या वस्तू बऱ्याच पॉलिसींत मिळत नाहीत, त्यामुळे तो आकडा थेट तुमच्या खिशावर येतो.

## टप्पा १० : छुट्टीच्या दिवशी

हॉस्पिटल सोडण्याआधी डिस्चार्ज समरी तिथेच खुर्चीवर बसून वाचा. नाव, वय, तारखा, निदान, आजार किती दिवसांपासून, इम्प्लांटचा स्टिकर. आयुष्मानच्या पेशंटनं पंधरा दिवसांची औषधं मागून घ्यावीत. रिइम्बर्समेंट, म्हणजे आधी भरलेले पैसे विमा कंपनीकडून मागाहून परत घेणं, करायचं असेल तर सविस्तर बिल, पैसे भरल्याची पावती, सगळे मूळ रिपोर्ट आणि चिठ्ठ्या गोळा करा. मूळ कागद देण्यापूर्वी प्रत्येक पानाचा फोटो. केसपेपरच्या प्रती लेखी मागितल्यावर ७२ तासांत द्याव्या लागतात, असा डॉक्टरांच्या आचारसंहितेचा २००२ पासूनचा नियम आहे.

पुढच्या महिन्यांच्या औषधांसाठी डॉक्टरांना औषधाचं मूळ नाव लिहायला सांगा. मग जनऔषधी केंद्रात विचारा, नाहीतर दवा बाजारात. बीपी-साखरेच्या गोळ्यांत महिन्याचा फरक डोळ्यांत भरण्याइतका पडतो. क्लेम करायचा असेल तर पक्कं बिल घ्या. कच्च्या चिठ्ठीवरची सवलत विमा कंपनी ओळखत नाही.

## टप्पा ११ : नकार आला तर

कॅशलेस नाकारलं म्हणजे क्लेम नाकारला असं नाही. इथे लोक हात टेकतात आणि विषय सोडून देतात. बिल भरा, कागद गोळा करा, पॉलिसीतल्या मुदतीत रिइम्बर्समेंट टाका.

तोही नाकारला तर नकाराचं कारण लेखी, पॉलिसीच्या कलमासह मागा. मग पायऱ्या अशा :

1. कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाला ईमेल. फोन करून तक्रार नोंदवल्याचा पुरावा राहत नाही.
2. सोबत विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर नोंद. हेल्पलाइन १५५२५५.
3. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. आपल्यासाठी कार्यालय भोपाळला आहे. फी नाही, वकील लागत नाही, चालतही नाही. ५० लाखांपर्यंतचं प्रकरण ऐकतात आणि त्यांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. कंपनीच्या शेवटच्या नकारापासून एका वर्षाच्या आत अर्ज जायला हवा.

अर्जात गाऱ्हाणं लांबवू नका. पहिल्या पानावर तारखांचा तक्ता, दुसऱ्यावर नकाराचं कलम आणि त्याला तुमचं उत्तर, मागे पुरावे. मामांच्या वेळी आम्ही चार पानांचं भावनिक पत्र लिहिलं होतं. कामाला आली ती कॉलनीतल्या डॉक्टरांची, हळदीचा डाग पडलेली, अर्ध्या पानाची चिठ्ठी.